बोपदेव घाटातली ट्रायल

गाडीचं काम हातात घेतलं की शकील बागवान आधी शेजारच्या स्टुलावर एक स्टीलची थाळी ठेवत. गाडीतून जे काही सुटेल ते, स्क्रू, वॉशर, क्लिप, सगळं थाळीत पडायचं. बसवायचा नवा बारीक मालही थाळीतच. काम संपताना थाळी रिकामी झाली पाहिजे. थाळीत काही उरलं, तर गाडीत काहीतरी राहिलं. भवानी पेठेतल्या त्या अरुंद गाळ्यात गाड्यांना साउंड सिस्टीम बसवण्यात त्यांची हयात गेली होती, पण काम तपासायची याहून वेगळी पद्धत त्यांना कधी लागली नव्हती. थाळी रिकामी, बोनट बंद, आणि मग घाटात ट्रायल.

ट्रायलचेही नियम ठरलेले होते. गाडी बोपदेव घाटात न्यायची. चढाला इंजिन बोंबलायला लागलं तरी गाण्याचे शब्द कळले पाहिजेत. चालवायची मालकानं. शकीलभाईंनी त्याच्या शेजारी बसायचं. आणि काम ज्यानं केलं, त्यानं मागे.

आज मागे अर्शिया बसली होती. शकीलभाईंची मुलगी. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून ती गाड्यांचे आवाज मोजणाऱ्या एका लॅबमध्ये लागली होती. तिथलं कंत्राट संपलं तशी दुकानात येऊ लागली. ही जीप म्हणजे तिचं पहिलं पुरतं स्वतःचं काम.

जीप लोणी काळभोरच्या रंगनाथ काळभोरांची. जुनी, डिझेलची, लोखंडी टपाची. रोपवाटिकेची माती, शेणखत, कुंड्या आणि दर पावसाळ्यानंतरच्या त्यांच्या डोंगरवाटांच्या फेऱ्या असं सगळं तिनं वाहिलं होतं. चालू झाली की पत्रा न् पत्रा बोलायचा. "ह्या गाडीत आमचा सगळा संसार वरडून झालाय," असं रंगनाथ पहिल्याच दिवशी म्हणाले होते. त्यावर त्यांच्या बायकोनं, मुक्ताईंनी, अर्शियाच्या कानाशी लागून सांगितलं होतं, "एक फायदा हाय पण. मागं बसून मी ह्यांना काय बी बोलते. एक अक्षर ऐकू जात न्हाय."

शकीलभाईंचं उत्तर सोपं होतं. मोठा अँप्लिफायर, मोठे स्पीकर. अर्शियाला ते पटलं नाही. आवाजावर आवाज चढवण्यात अर्थ नाही, आधी खालचा आवाज कमी करायला हवा, असं तिचं म्हणणं. आवाज मोजायचं मीटर घेऊन ती जीपमध्ये फिरली. गिअरबॉक्सवरचा उंचवटा, दारांचे पोकळ पत्रे, पायाकडची इंजिनमागची भिंत; कुठून किती येतंय ते तिनं शोधलं आणि तिथं तिथं डांबरी शीट आणि फेल्टचे थर चिकटवले. शेवटी दोघांचंही झालं. थरही बसले आणि मोठा अँप्लिफायरही. अँप्लिफायरला करंट जास्त लागतो, म्हणून शकीलभाईंनी जुना डायनॅमो काढून मोठा घातला.

आता जीप कोंढव्याच्या गर्दीतून निघाली होती, मुक्ताई मागे अर्शियाशेजारी बसल्या होत्या, आणि आत खरोखर ऐकू येत होतं. स्पीकरमधून बासरी चालली होती. तिच्यातला वादकाचा श्वाससुद्धा कळत होता.

"व्वा," रंगनाथ म्हणाले. "शकीलभाई, गाडी बदलून दुसरी दिली की काय?"

"नंबर तोच आहे, बघून घ्या उतरल्यावर," शकीलभाई म्हणाले. पण आरशात त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं. अर्शियानं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

येवलेवाडीच्या अलीकडे एक रिक्षा अचानक आडवी आली. रंगनाथांनी ब्रेक मारला. जीप थांबली, पण रिक्षाच्या फारच जवळ.

"ब्रेक जड लागतोय जरा," ते म्हणाले.

"खाली मॅट टाकलीय ना," शकीलभाई म्हणाले. "पाय उंच आला. दोन दिवसांत सवय होईल."

"हो काका," अर्शिया मागून म्हणाली. "पायाखाली बऱ्यापैकी जाडी वाढलीये. पेडल वेगळं लागणारच."

हे तिला पटलेलं होतं. तो थर तिनं स्वतः घातला होता. स्टिअरिंगखाली डोकं घालून, पाठीवर पडून, वर हात करून. तेव्हा अब्बांनी इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं होतं, म्हणजे तिला मागचा कोपरा गाठता यावा. पेडल दाबलं की तिच्या कानाजवळ एक बारीक आवाज व्हायचा, कुणी झोपेत श्वास ओढून घ्यावा तसा. जुन्या डायनॅमोच्या पाठीला एक छोटा पंप असतो, तो हवा ओढतो, आणि त्या ओढीची ब्रेकला मदत होते. एरवी एवढी जड गाडी माणसाच्या पायाला कुठली आवरणार. हे अब्बांनीच तिला त्या वेळी वरून सांगितलं होतं. नव्या डायनॅमोलाही तसाच पंप होता. नळी फक्त एकावरून काढून दुसऱ्यावर चढवायची होती.

घाट सुरू झाला. रंगनाथांनी दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडू लागलं, आणि तरी बासरी बुडाली नाही. मुक्ताई टाळी द्यायला हात पुढे करून म्हणाल्या, "पोरी, जिंकलीस."

अर्शिया हसली. तिच्या पायाशी एक प्लास्टिकची पिशवी घरंगळत होती. काढलेला जुना माल मालकाला परत द्यायचा, ही दुकानाची रीत. नाहीतर लोक म्हणतात चांगलं काढून घेतलं. दुपारी पिशवी तिनंच भरली होती. अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. गाळ्यात पसारा झाला होता. तिनं झाडलं, तारांचे तुकडे उचलले, आणि थाळीतला गंजका माल पिशवीत ओतून थाळी पुसून ठेवली. अब्बा परत आले तेव्हा गाळा लखलखीत होता. त्यांनी थाळीकडे पाहिलं, बोनट लावलं आणि रंगनाथांना फोन केला.

वळणावर पिशवी पुन्हा घरंगळली. अर्शियानं ती मांडीवर घेतली आणि उगाच आत पाहिलं. फुटलेला स्पीकर, काळे पडलेले स्क्रू, आटे गेलेला एक नट. त्यांच्यात एक क्लिप चमकत होती. गोल, पट्टीची, नळी आवळायची असते तशी. तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

जुन्या मालात नवी क्लिप कशी आली, असं तिला वाटलं. अब्बांनी जास्तीची आणली असेल. तिनं ती क्लिप मुठीत घेतली. दुकानात गेल्यावर विचारू.

घाटमाथ्यावर ते थांबले. चहा झाला. खाली पुणं धुरकट पसरलं होतं. रंगनाथ जीपच्या नव्या रंगावरून हात फिरवत एक फेरी मारून आले, जशी काय ती आजच घेतली होती. मुक्ताईंनी सुनीतीला, म्हणजे त्यांच्या सुनेला, फोन लावून स्पीकरवरची बासरी ऐकवली. "आता विकायची न्हाय म्हणावं तेजसला," त्या म्हणाल्या. मुलाला जीप भंगारात घालायची होती.

"उतरताना काहीतरी दणक्याचं लावा," शकीलभाई म्हणाले. "उतारावरच खरी परीक्षा."

रंगनाथांनी ढोलताशा लावला.

पहिली दोन वळणं गाडी अलगद उतरली. ढोल छातीत वाजत होता. मुक्ताईंनी कानांवर हात ठेवले होते, पण त्या हसत होत्या. अर्शिया हातातल्या मीटरकडे बघत होती, आणि मग बाहेर, आणि मग पुन्हा मीटरकडे, कारण बाहेरचे दगड जरा जास्त वेगानं मागे जात होते.

गिअर तिसरा होता.

तिनं गिअरच्या दांड्याकडे नीट पाहिलं. तिसराच. रंगनाथ हा घाट नेहमी दुसऱ्यात उतरत असणार. गिअरबॉक्सचा आक्रोश कानात गेला की त्यांचा हात आपोआप खाली जात असणार. आज आक्रोश नव्हता. तो तिनं फेल्टखाली गाडला होता. आवाज गेला होता, वेग तिथंच होता.

पुढे पाण्याचा टँकर होता. भरलेला, सावकाश, मागून पाणी गळणारा. त्याचे लाल दिवे लागले.

रंगनाथांनी ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. जुन्या गाडीवाल्यांची ती सवयच, मारून मारून ब्रेक दाबायचा. जीपचा वेग कमी झाला, पण फारच थोडा. त्यांनी पुन्हा दाबला, आणि या वेळी अर्शियाला त्यांची पाठ सीटपासून सुटलेली दिसली. ते सीटवरून उठत होते. खांदे स्टिअरिंगवर आले होते आणि सगळं वजन उजव्या पायावर होतं.

मॅटमुळे पाय उंच येतो. मॅटमुळे माणूस सीटवरून उठत नाही.

तिच्या मुठीत क्लिप अजून तशीच होती. नळी आवळायची क्लिप. नवी.

त्या एका क्षणात तिला सगळं दिसलं: अब्बांनी नळी चढवलेली, जुनी क्लिप तुटलेली, नवी आणून थाळीत ठेवलेली, तेवढ्यात अजान झालेली. आणि ती स्वतः, हातात फडकं घेऊन, थाळी पुसत.

"काका!" ती ओरडली. "अब्बा!"

कुणी वळलं नाही. ढोलाच्या मधोमध तिचा आवाज तिला स्वतःलासुद्धा ऐकू आला नाही. शकीलभाई गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून होते. अजून त्यांनी रंगनाथांच्या पायाकडे पाहिलं नव्हतं. तिनं पुढे झुकून त्यांचा खांदा हलवला. त्यांना वाटलं तिला आवाज आणखी हवाय. त्यांनी हसून अंगठा दाखवला आणि बटणाकडे हात नेला.

टँकरच्या मागची अक्षरं वाचता येत होती.

अर्शिया बाकावरून खाली बसली. अँप्लिफायर बाकाखालीच होता, तिनंच बसवलेला. त्याला एक निळी बारीक तार जाते. त्या तारेतून सांगावा आला तरच तो जागा होतो. तिनं चाचपून ती तार धरली आणि उपसली.

जीप एकदम गप्प झाली.

"काय झालं?" शकीलभाई म्हणाले.

"अब्बा, ब्रेक की नली निकली है," ती म्हणाली. घरातली भाषा आपसूक तोंडात आली होती. मग तिनं रंगनाथांकडे वळून मराठीत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, "काका, ब्रेकची मदत गेलीये. ब्रेक आहे. मारू नका. जोरात दाबा आणि दाबून धरा. दुसरा टाका."

"दाबतोय की!"

"सोडू नका. धरून ठेवा. दुसरा, काका!"

रंगनाथांचा चेहरा आरशात राखेसारखा झाला होता. त्यांनी क्लच दाबला, दांडा ओढला. गिअर गेला नाही. दात दातांवर घासले आणि तो आवाज सगळ्या फेल्टमधून वर आला. क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिनचीही अडवणूक सुटली, आणि जीप एकदम मोकळी झाल्यासारखी पुढे सरकली.

मुक्ताई अर्शियाला बिलगल्या होत्या. त्यांनी अर्शियाचं मनगट धरलं होतं.

"रेस द्या थोडी," शकीलभाई म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, त्यात आता दुकानदार नव्हता. "ब्रेक क्षणभर सोडून थोडी रेस, आणि मग टाका. हां. आता."

दुसरा पडला. इंजिन किंचाळलं. सगळे पुढे झुकले आणि जीपला मागून कुणी दोर लावून ओढल्यासारखं झालं. महिनाभर अर्शियानं ज्या आवाजाला शीट लावून लावून गाडलं होतं, तो गिअरबॉक्सचा हंबरडा आत्ता पूर्ण जोरात येत होता, आणि तो येतोय तोवर बरं चाललंय, एवढं तिला कळत होतं.

"हँडब्रेक मी घेतो," शकीलभाई म्हणाले. "हळूहळू घेतो. तुम्ही आता ब्रेकवरून पाय काढू नका."

टँकर वळणात गेला. समोरून मोटारसायकली वर येत होत्या, एक, मागोमाग आणखी एक. त्या गेल्या. डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली होती, लांबट ढीग, गटाराला लागून.

"खडीत घाला," अर्शिया म्हणाली.

"नवं पेंटिंग हाय—"

"अहो, घाला खडीत!" मुक्ताई ओरडल्या.

रंगनाथांनी स्टिअरिंग वळवलं. पुढचं चाक ढिगात शिरलं, खडी पत्र्यावर गारांसारखी वाजली, जीप एका अंगानं वर चढली, थरथरली, आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

कुठल्याशा पक्ष्याचा आवाज येत होता. रंगनाथांचा पाय अजून पेडलवरच होता. शकीलभाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी तो उचलला.

"परीक्षा झाली का?" मुक्ताई म्हणाल्या. "का अजून पेपर हाय?"



शकीलभाईंनी बोनट उघडलं. नळी डायनॅमोच्या पाठीवरून निसटून बाजूला लोंबत होती, तिचं तोंड स्वच्छ आणि उघडं. गावात ती हवा खात कशीबशी टिकली होती, म्हणून ब्रेक नुसता जड लागत होता. चढाच्या थरथराटात निघाली.  नळीला त्यांनी हात लावला नाही.

अर्शियानं मूठ उघडली. क्लिपचा वळ तळहातावर उमटला होता.

"पिशवीत होती," ती म्हणाली. "जुन्या मालात. थाळी मी आवरली, अब्बा. तुम्ही नमाजाला गेल्यावर. मला वाटलं सगळं फेकायचंच आहे."

रंगनाथ मागे येऊन उभे राहिले होते. त्यांच्या समोर हे बोलायला नको होतं, हे तिला बोलतानाच कळत होतं. गिऱ्हाइकाच्या समोर दुकानातली चूक दुकानदार कधी काढत नाही. आणि अब्बा आता ते म्हणतीलही. किंवा काहीच म्हणणार नाहीत, ते त्याहून वाईट.

शकीलभाईंनी क्लिप घेतली. उन्हात धरून पाहिली.

"तू थाळी आवरलीस," ते म्हणाले. "बोनट मी लावलं. थाळी रिकामी बघून लावलं. थाळीच बघितली मी. आत बघितलंच नाही." ते रंगनाथांकडे वळले. "काळभोरसाहेब, चूक आमची आहे. दोघांची. आपण म्हणाल तर गाडी इथून टो करून नेतो आणि सगळं उतरवून पहिल्यासारखी करून देतो. आपला विश्वास उडाला असेल तर त्यात गैर काही नाही."

 रंगनाथ खडीवर बसले, टोपी काढली, घाम पुसला. "मला ब्रेक जड लागला तवाच मी थांबायला पायजे हुतं," ते म्हणाले. "मॅट म्हणालात, मी म्हणलं मॅट. गाडी माझी. पाय माझा."

"मॅट मीही म्हणाले," अर्शिया म्हणाली.

"सगळ्यांनी म्हणून झालं असंल तर बसवा आता ते," मुक्ताई म्हणाल्या. "का इथंच बिऱ्हाड करायचं?"

शकीलभाईंनी नळी चढवली. क्लिप घातली आणि स्क्रू आवळला. मग स्क्रूड्रायव्हर अर्शियाच्या हातात दिला. "तू बघ."

तिनं अर्धा आटा आणखी आवळला. नळी ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

"चालू करा काका," ती म्हणाली आणि दार उघडून स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवी झाली, परवा झाली होती तशीच. "आता दाबा."

रंगनाथांनी हातानं पेडल दाबलं. अर्शियानं डोळे मिटले. इंजिनचा आवाज होता, खडीवरून घसरणाऱ्या दगडांचा होता, वरून जाणाऱ्या बसचा होता. त्या सगळ्यांच्या खाली, कानाला लागून, ब्रेकनं श्वास घेतला.

"पुन्हा."

पुन्हा घेतला.

"घेतोय," ती म्हणाली.  

खडीतून जीप काढायला जागेवरच्या दोन मजुरांनी हात लावला. सपाटीवर रंगनाथांनी गाडी पुढे-मागे करून ब्रेक लावून पाहिला, एकदा, दोनदा, मग उगाच तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी पाठ सीटला टेकलेली होती. अर्शिया त्यांच्या पाठीकडेच बघत होती.

निघताना शकीलभाई नेहमीप्रमाणे पुढच्या दाराकडे गेले आणि तिथं थबकले. त्यांनी दार उघडून धरलं. "तू बस पुढे," ते म्हणाले. "मी मागे."

"ट्रायलचा नियम आहे, अब्बा."

"नियम मीच केलाय ना? मग बस."

ती बसली. निळी तार बाकाखाली तशीच सुटलेली होती. ती जोडू का, असं कुणी विचारलं नाही. जीप दुसऱ्या गिअरमध्ये उतरू लागली. गिअरबॉक्स कण्हत होता, पण दबलेला, पांघरुणाखालून. आणि त्या कण्हण्यावर चौघांचेही कान होते. प्रत्येक वळणाआधी रंगनाथ ब्रेक नुसता टेकवून बघत. प्रत्येक वळणाआधी अर्शियाचा पाय, समोर काही नसताना, फेल्टवर दाबला जाई.

घाट संपत आला. येवलेवाडीच्या इमारती वर येऊ लागल्या. 

मागच्या बाकावर मुक्ताई पदरानं तोंड पुसत स्वतःशीच पुटपुटल्या, इतक्या वर्षांच्या सवयीनं, खालच्या आवाजात, "नवं पेंटिंग म्हणे. जीव जायला आलाय, अन् ह्या माणसाला पेंटिंगची पडलीये. येडं कुठलं."

रंगनाथांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"ऐकू आलं मला," ते म्हणाले.

मुक्ताईंचा पदर तोंडावरच राहिला.